गोलाईच्या साच्याला फ्लँज लावताना

मोटारसायकलच्या टाकीसारख्या गोल वस्तूचा फायबरचा साचा दोन भागांत करताना खरी गोची फ्लँजला, म्हणजे दोन भाग बोल्टने जोडायच्या बाहेर आलेल्या कडेला, होते. बेळगावच्या उद्यमबागेत त्यासाठी प्लायवूड कापून भिडवणारे बरेच. मी मात्र निवडणुकीच्या फलकांची सनपॅक शीट (आत नळ्या असलेली पोकळ प्लास्टिकची शीट) वापरतो. प्रचार संपला की ढीगभर मिळते.

गोलाई उतरवायला शीट टाकीला भिडवा, वॉशरच्या भोकात पेन्सिलीचं टोक धरून तो टाकीवरून फिरवा, शीटवर तीच रेघ उमटते. कापताना वॉशरच्या कडेपासून भोकापर्यंतचं अंतर धरा. जोडरेषा सपाट नसून वळत असेल, तर शीटची एका बाजूची साल नळ्यांच्या रेषेत बोटभर अंतरावर चिरा, ती छान वळते. चिरलेली बाजू मागे ठेवा आणि मागूनच ग्लू गनने टेकू द्या. फ्लँजची रुंदी ५० ते ७५ मिमी, टाकीच्या पृष्ठभागाशी काटकोन.

शीट आणि टाकीमधल्या फटीत तेलकट क्ले भरा. गणपतीची उरलेली ओली शाडू नको, ओलाव्याने पॉलिएस्टर रेझिन नीट धरत नाही. क्ले लाकडी काडीने खरवडून कोपरा धारदार करा. इथे गोलवा राहिला की पुढे प्रत्येक नगावर जोडाची जाड रेघ येते आणि पॉलिशपेपर घासून हात दुखतात.

पहिल्या बाजूचं फायबर कडक झालं की फक्त शीट काढा, टाकी हलवू नका. फ्लँजला चार-पाच हात मेण, मग दुसरी बाजू. बोल्टची भोकं दोन्ही भाग वेगळे करण्याआधीच पाडा. पावसाळ्यात पीव्हीए (साचा सुटावा म्हणून मेणावर लावायचा पातळ थर) वाळायला दुप्पट वेळ धरा.