एस्सिटालोप्राम सुरू करताय? पहिले काही आठवडे असे काढा

डॉक्टरांनी नैराश्य किंवा घबराटीसाठी एस्सिटालोप्राम ही गोळी लिहून दिलीय, स्ट्रिप घरी आणलीय आणि घेऊ की नको या विचारात ती तशीच कपाटात पडलीय, असं बऱ्याच जणांचं होतं. मी ही गोळी घेतलीय, आमच्या घरात अजून एकजण घेतंय, म्हणून ओपीडीच्या गर्दीत जे सांगायचं राहून जातं ते लिहितेय. डोस किती आणि किती महिने, हे मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा, या गोळीचा त्रास आधी होतो आणि गुण नंतर येतो. सुरुवातीला मळमळ, डोकं दुखणं, तोंडाला कोरड, घाम, कुणाला जुलाब, झोप एकतर उडते नाहीतर दिवसभर पेंग येते, आणि काहींना तर ज्या धडधडीसाठी गोळी घेतली तीच थोडे दिवस वाढते, एका जागी बसवत नाही. बहुतेकांचं हे एक-दोन आठवड्यांत ओसरतं. मूडमध्ये फरक पडायला साधारण 2 ते 4 आठवडे लागतात, पूर्ण गुण यायला 6 किंवा जास्तसुद्धा. नेमक्या याच मधल्या दिवसांत लोक "मला सूट होत नाही" म्हणून गोळी सोडतात, याचं मला फार वाईट वाटतं, कारण त्रास भोगून झालेला असतो आणि गुण यायच्या आतच सगळं बंद.

मग काय करायचं, तर त्रास होत असेल तर डॉक्टरांना फोन करा, बरेच डॉक्टर 5 एमजीने सुरू करून नंतर 10 वर नेतात. गोळी उपाशीपोटी चालते पण पोटात काहीतरी असलं की मळमळ कमी होते. झोप उडत असेल तर सकाळी नाश्त्यानंतर, पेंग येत असेल तर रात्री, वेळ बदलायची ती विचारून आणि मग रोज तीच ठेवायची. विसरलात तर आठवल्यावर घ्या, दुसऱ्या दिवसाची वेळ जवळ आली असेल तर ती सोडून द्या, दोन एकदम कधीच नाही.

स्ट्रिपच्या मागचं बारीक अक्षरातलं नाव नक्की वाचा. सुरुवातीची घबराट सांभाळायला सोबत क्लोनाझेपाम देतात, कधी दोन्ही एकाच गोळीत असतात, काही ब्रँडच्या नावापुढे नुसतं 'प्लस' लिहिलेलं असतं. क्लोनाझेपामची सवय लागू शकते, म्हणून ती किती दिवस घ्यायची हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या. "सवय लागेल हो" असं जे नातेवाईक सांगतात ते बहुतेक अशा गोळ्यांबद्दल ऐकलेलं असतं, एस्सिटालोप्रामची तशी तलफ येत नाही.

रोज दोन ओळी लिहून ठेवा, झोप, भूक, कामं. मला आधी जाणवलं ते आनंद वगैरे नाही, सकाळी आंघोळीला उठताना स्वतःशी जी भांडणं व्हायची ती कमी झाली, भाजी चिरता चिरता उगाच रडू येणं थांबलं.

लैंगिक इच्छा कमी होणं, संबंधात कळस गाठायला वेळ लागणं हे खूप जणांना होतं, बायकांनासुद्धा, आणि ते दरवेळी आपोआप जात नाही. लाजू नका, सांगा, डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं.

ट्रामाडॉल, मायग्रेनच्या गोळ्या, अ‍ॅस्पिरिन किंवा डायक्लोफेनॅकसारखी पेनकिलर चालू असेल, हृदयाचा त्रास असेल, प्रेग्नन्सी असेल, किंवा पूर्वी कधी न झोपताही भलताच उत्साह असायचा असे दिवस गेले असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा. दारू टाळा. घरातल्या वयस्कर माणसाला गोळी चालू असेल आणि ते गोंधळल्यासारखं बोलायला लागले, तोल जायला लागला तर रक्तातलं सोडियम कमी झालेलं असू शकतं, लगेच दाखवा.

आणि हे घरच्यांनीही वाचा. पहिल्या आठवड्यांत आणि डोस बदलताना, विशेषतः 25 च्या आतल्या मुलामुलींमध्ये, जीव द्यायचे विचार वाढू शकतात. गोळी सुरू केलीय हे घरात एकाला तरी माहीत असू दे. तसं काही मनात आलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, जीवाला धोका वाटला तर सरळ हॉस्पिटल. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

बरं वाटलं म्हणून स्वतःहून थांबवू नका. बरं वाटल्यावरही साधारण 6 महिने तरी चालू ठेवतात, मग हळूहळू कमी करत आणतात. एकदम सोडली की चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्नं, डोक्यात करंट लागल्यासारखे झटके असं होऊ शकतं. गणपतीला किंवा दिवाळीला गावी जाताना नेमकी स्ट्रिप संपते आणि हे सुरू होतं, त्यामुळे जादा गोळ्या आणि चिठ्ठी दोन्ही बॅगेत टाका, चिठ्ठीशिवाय ही गोळी द्यायची परवानगी मेडिकलवाल्याला नाही. गावात तुमचा ब्रँड नसेल तर चिठ्ठीवरचं एस्सिटालोप्राम हे नाव आणि एमजी दाखवा, दुसऱ्या कंपनीची मिळते.