गाणारी वाळू ऐकायला जायचं असेल तर

वाळूची टेकडी गाते असं मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कुणाला सांगितलं, तर पहिला प्रश्न येतो, कुठल्या पट्टीत? प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तरही आहे. मोरोक्कोत तारफाया गावाजवळची टेकडी साधारण १०५ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला १०५ कंपनांवर, वाजते. काळी चारच्या, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीत लावलेल्या, बायकी तंबोऱ्याची खरजाची (सर्वांत खालच्या ‘सा’ची) तार जवळपास तिथेच बोलते. काळी एकच्या मर्दानी तंबोऱ्यात पंचमाची तार तिथे असते. ओमानमध्ये अल अश्खरा इथली वाळू ९० ते १५० हर्ट्झच्या पट्ट्यात एकाच वेळी अनेक सूर काढते. म्हणजे तिथे एक पट्टी सांगताच येत नाही, भरडा गजर ऐकू येतो.

मी तंबोरे करतो. तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा घासून तार गुंजती करायची, याला जवारी काढणं म्हणतात. त्यात आयुष्य गेलं, त्यामुळे खालचा सूर कानाला लवकर सापडतो. भाचा कतारला नोकरीला आहे, त्याच्यामुळे दोह्याच्या टेकड्या ऐकायला मिळाल्या. आपल्या सांगली-मिरजेतल्या अनेक घरांतलं कुणी ना कुणी आखातात किंवा अमेरिकेत असतं. ते भेटायला बोलावतात, मॉल आणि उंच इमारती दाखवतात. त्या मुक्कामातली एक दुपार या आवाजासाठी राखून ठेवा, एवढ्यासाठी हे लिहितोय.

जायच्या आधी घरीच कान तयार करा. हे काम कुणी करत नाही, आणि मग टेकडीवर जाऊन लोक म्हणतात, ‘विमान गेलं वाटतं.’ खरंच तसंच वाटतं, कारण आवाज फार खालचा असतो. मोबाइलवर तंबोऱ्याचं ॲप असेल तर काळी चार लावा, कानात हेडफोन घाला आणि जोडीच्या (मधल्या दोन) तारा सोडून फक्त खरजाकडे लक्ष द्या. मग काळी तीन लावून तेच करा. तो खरज ९२ हर्ट्झच्या आसपास असतो. रोज थोडा वेळ ऐकलंत तर तिथे गेल्यावर इंजिन कुठलं आणि वाळू कुठली हे लगेच वेगळं काढता येतं. हेडफोन लागतातच. मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून इतका खालचा सूर जवळपास येतच नाही, त्याच्यात मिसळलेले वरचे बारीक स्वर तेवढे ऐकू येतात.

आता वाळू वाजते कशी ते थोडं समजून घ्या, कारण पुढच्या सगळ्या सूचना त्यातूनच निघतात. वाऱ्याकडची बाजू पसरट असते. वारा तिथून कण वर चढवतो आणि माथ्यापलीकडे टाकतो. पलीकडची बाजू त्यामुळे चढत चढत ३०-३४ अंशांच्या उतारापर्यंत जाते. त्याहून जास्त उभी झाली की वरचा थर सुटतो आणि खाली सरकतो. सरकताना प्रत्येक कण खालच्या कणावरून उचलला जातो आणि पुन्हा खळग्यात पडतो. कण एकसारख्या आकाराचे असतील तर हे उचलणं-पडणं एका लयीत येतं. मग सरकणारा अख्खा थर मिळून हवा हलवतो आणि सूर निघतो. २०१२ मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी मोरोक्को आणि ओमानची वाळू प्रयोगशाळेत घसरवून पाहिली. ओमानच्या वाळूत १५० ते ३१० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण मिसळलेले होते. ती चाळून २०० ते २५० मायक्रॉनचेच कण ठेवले, तेव्हा गोंधळ गेला आणि ९० हर्ट्झच्या आसपास स्वच्छ सूर आला. कण मोठा तर सूर खाली, हा त्यातला ढोबळ नियम. कॅलिफोर्नियातल्या एका गटाचं मत वेगळं आहे. त्यांच्या मते टेकडीच्या वरच्या कोरड्या थरात ध्वनिलहरी कोंडल्या जातात आणि पट्टी त्या थराच्या जाडीवर ठरते. हा वाद वाचायला मला फार आवडतो. आपल्या कामापुरतं मात्र दोन्हींकडून एकच निघतं, ते म्हणजे वाळू कोरडी हवी.

कोरडी, एकसारखी, गोलसर आणि स्वच्छ. कणांवर सिलिकाचा पातळ लेप असतो, त्याचाही यात हात आहे असं मानलं जातं. हरिपूरच्या संगमावरची वाळू यातलं काहीच पुरवत नाही. बारीक-जाड मिसळलेली, कोनेदार, गाळ चिकटलेली. म्हणून कृष्णेची वाळू कितीही घसरवा, नुसती खसखस येते. जवारीचंही असंच असतं. घोडीचा माथा केसभर चुकला तरी तार तिच्यावर नीट टेकत नाही आणि उत्तम भोपळ्याचा तंबोराही मुका राहतो. मला हा आवाज पहिल्यापासून ओळखीचा वाटला तो यामुळे. पृष्ठभागाचा एवढा बारीक हट्ट मी रोज हाताखाली अनुभवतो.

दोह्याच्या नैऋत्येला सुमारे ४० किलोमीटरवर या टेकड्या आहेत. त्या चंद्रकोरीच्या आकाराच्या आहेत. तिथला मुख्य वारा, ज्याला तिकडे शमाल म्हणतात, वायव्येकडून येतो. म्हणून पसरट बाजू वायव्येला आणि उभा उतार आग्नेयेला मिळतो. हे लक्षात ठेवलंत तर लांबूनच कुठे जायचं ते कळतं, चंद्रकोरीची दोन टोकं ज्या दिशेला पुढे आलेली असतात तीच आपली बाजू.

वेळ ठरवताना घाई नको. उन्हाळ्यात वाळू चांगली कोरडी असते, पण तिथला उन्हाळा माणसांना फिरू देत नाही. पारा ४५ च्या वर जातो आणि वाळू त्याहून कितीतरी जास्त तापते. आपल्या वयाच्या माणसांनी तर नोव्हेंबर ते मार्चच धरावा. त्या दिवसांत दोन गोष्टी आड येतात. एक म्हणजे क्वचित पडणारा पाऊस. पाऊस झाला असेल तर बेत पुढे ढकला. वरून वाळू सुकलेली दिसते, हात घातला की आत ओल लागते, आणि ती जायला आठवडे लागू शकतात. दुसरं म्हणजे समुद्र जवळ असल्यामुळे पडणारं दव. म्हणून पहाटेचा सूर्योदय वगैरे बेत या कामाला निरुपयोगी आहे. फोटो छान येतील, आवाज येणार नाही. आग्नेयेच्या उतारावर सकाळभर ऊन पडतं, दुपारपर्यंत तो सुकतो, आणि तीनच्या सुमारास ऊन टेकडीच्या पाठीमागे वळू लागतं. वाळू कोरडी आणि माणसाला सोसेल अशी, दोन्ही एकत्र मिळते ती याच वेळी.

शुक्रवार-शनिवार टाळा. तिथे सुट्टी त्या दिवशी असते, मोठ्या गाड्या टेकड्यांवरून धावतात. इंजिनाचा आवाज बरोबर आपल्याच पट्टीत येतो, आणि उतार आधीच तुडवून बसवलेला असतो. भाच्याला मधल्या वारी अर्धी रजा काढायला सांगा. एवढं मामा-मामींसाठी कोणीही करेल.

साध्या गाडीने डांबरी सोडू नका. चारही चाकांना जोर असलेली गाडी हवी, चालवणाऱ्याला वाळूची सवय हवी, आणि वाळूत शिरण्याआधी टायरमधली हवा कमी करता आली पाहिजे. परत डांबरीला लागल्यावर हवा भरायला पंपही गाडीत असू द्या. त्या भागात सपाट, पांढुरकी, कडक दिसणारी खारट जमीन लागते, तिला सब्खा म्हणतात. वरचा पापुद्रा फुटला की खाली चिखल असतो, गाडी रुतली की निघत नाही. आधीच्या चाकोऱ्या सोडून तिथे गाडी घालू नये. शक्यतो दोन गाड्या असाव्यात. कुठे जातोय आणि कधी परततोय हे घरी सांगून ठेवा. माणशी तीन-चार लिटर पाणी, टोपी, अंग झाकणारे सुती कपडे, डोळ्यांना चष्मा. चप्पल नको, मोज्यांसकट बूट.

टेकडीपाशी पोचल्यावर गाडी दूर उभी करा, इंजिन बंद करा. कुणीही लगेच वर धावायचं नाही. आधी उताराच्या कडेला जाऊन वाळू तपासायची. मूठभर घेऊन दाबा आणि मूठ उघडा. ढेकूळ राहिलं तर ओल आहे. बोटांच्या फटींतून सरसर निसटली पाहिजे. मग हात मनगटापर्यंत खुपसा आणि खालच्या दिशेला जोरात ओढा. वाळू बोलकी असेल तर हाताखाली एक तुटक ‘गुर्र’ येतं, तळहाताला थरथर जाणवते. ही खूण मिळाली नाही तर तो उतार सोडा, बाजूचा पाहा. एकाच टेकडीचा एक भाग मुका आणि पन्नास पावलांवरचा बोलका असू शकतो. तंबोऱ्याचा भोपळा निवडताना मी जशी टिचकी मारून फिरतो, तसं इथेही न कंटाळता फिरावं लागतं.

चढायचं ते पसरट बाजूने किंवा कडेच्या धारेवरून. उभ्या उतारावरून कधीही चढू नका. दम लागतो हे एक, आणि ज्या थराला वाजवायचं तोच पायांनी मोडून टाकता हे दुसरं.

माथ्यावर चार-पाच जणांनी एका ओळीत, हातभर अंतर ठेवून बसायचं. पाय पुढे, टाचा वाळूत रोवलेल्या, दोन्ही तळवे मागे टेकलेले. एकाने आकडे मोजायचे आणि सगळ्यांनी एकदम बुड घासत खाली सरकायला लागायचं. घसरगुंडीवर मुलं जातात तसं सुळकन जाण्यात अर्थ नाही, आणि घसरायच्या फळ्याही नकोत. फळी वरच्या वर निघून जाते. आपल्याला वाळूचा जाड थर बरोबर घेऊन उतरायचंय. टाचांनी ढकला, तळव्यांनी मागची वाळू पुढे लोटा, जड होऊन उतरा. पहिल्या काही हातांत नुसती खसखस येईल. मग सरकणारा पट्टा रुंद होतो, आणि आवाज बसतो.

तो क्षण कानाआधी अंगाला कळतो. मांडीखाली, पाठीच्या मणक्यात, छातीत खरज सुरू होतो. मोठा तंबोरा मांडीवर आडवा घेऊन खरजाची तार छेडली की भोपळा जसा अंगाला लागून बोलतो, त्याच जागी हाही लागतो, पण कितीतरी मोठ्या अंगाने. तेव्हा बोलू नका, ओरडू नका. सरकणं चालू ठेवा, आणि थांबावंसं वाटलं तर सगळे एकदम थांबा. तुम्ही थांबल्यावरही थर थोडा वेळ आपला आपण सरकत राहतो आणि सूर मागे रेंगाळतो. उंच टेकड्यांवर असा आवाज काही मिनिटं टिकल्याच्या आणि १०० डेसिबलच्या पुढे गेल्याच्या नोंदी आहेत.

निम्मी मंडळी खाली ठेवा. त्यांनी उताराच्या अगदी पायथ्याशी उभं न राहता बाजूला उभं राहावं, आणि मग पाळी बदलावी. खाली सूर जास्त स्वच्छ ऐकू येतो, वर तो अंगात भिनतो. दोन्ही घ्यायलाच हवेत. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांनी खालीच खुर्ची टाकून बसावं, त्यांचं काहीही हुकत नाही. एकदा वाजवलेला पट्टा लगेच पुन्हा वाजत नाही, कारण त्याचा उतार कमी झालेला असतो. वारा तो पुन्हा उभा करेपर्यंत दहा पावलं बाजूला सरका आणि कोरा भाग धरा. मुलं बरोबर असतील तर उतारात खड्डे किंवा बोगदे खणू देऊ नका. कोरडी वाळू क्षणात ढासळते आणि माणूस गाडला जातो. यात मी कुणाचंच ऐकणार नाही.

सूर मोजायचा असेल तर मोबाइलवरचा ट्यूनर चालतो, फक्त तो खालच्या सप्तकापर्यंत जाणारा हवा. आमच्या वेळी सूर एका जागी ठाम राहिला नाही, सरकण्याचा वेग बदलला की तोही हलत होता. रेकॉर्डिंग करताना वाऱ्याची फडफड सगळं खाते. माइकच्या जागेवर लोकरीचा मोजा चढवा, मोबाइल पायथ्याशी बाजूला ठेवा. घरी आल्यावर मोठ्या स्पीकरवर नाहीतर हेडफोनवर ऐका.

मुलं अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या बाजूला असतील तर मोहावी वाळवंटातल्या केल्सो टेकड्या तीन-साडेतीन तासांवर आहेत. त्या सुमारे २०० मीटर उंच आहेत, चालत जावं लागतं आणि चढ थकवतो, पण तिथे गाड्यांचा त्रास नाही. चीनमध्ये दुनहुआंगला मिंगशा टेकड्या आहेत, कझाकस्तानात अल्मातीहून जाता येईल असं अल्तिन-एमेल राष्ट्रीय उद्यान आहे, तिथली टेकडी दीडशे मीटरच्या घरात. मंगोलियातली खोंगोरिन एल्स तर फार लांबच लांब पसरलेली आहे. काबूलच्या उत्तरेला रेग-ए-रवान नावाची वाळू आहे. तिथून नगाऱ्याचा आवाज येतो असं बाबराने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. सवड आणि पैसा असेल आणि एकच जागा निवडायची असेल तर मी केल्सो सांगेन. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने मात्र दोहाच करावं. मुंबईहून विमान चार तासांच्या आत पोचतं, आणि घरचं माणूस तिथे असलं की वाळू सुकायची वाट पाहायला दोन दिवस जास्त राहता येतं.

वाळू बाटलीत भरून आणायचा मोह सगळ्यांना होतो, कारण बंद बरणीत हलवली तरी ती थोडी गुरगुरते. अनेक संरक्षित उद्यानांत वाळू उचलायला बंदी असते, आणि आपल्या पावसाळी हवेत बरणीचं झाकण एकदा उघडलं की ती गप्प होते. त्यापेक्षा तारीख, जागा, शेवटचा पाऊस कधी झाला, वाळू जाड होती की बारीक आणि सूर कुठे लागला हे वहीत लिहून आणा. मिरजेला आलात तर ती वही आणि रेकॉर्डिंग घेऊन गल्लीत या. तंबोरा त्या सुरावर लावून देतो, दोन्ही शेजारी ठेवून ऐकू.