पहिली क्रूझ आणि दोघंही खवय्ये? मग जहाज असं निवडा

क्रूझच्या जाहिरातीत पहिलीच ओळ असते, "१५ रेस्टॉरंट्स, १० बार", आणि खाण्याची आवड असलेला माणूस तिथेच गार होतो. पण चार रात्रींच्या क्रूझवर डिनर चारच होतात हो. त्यातले दोन-तीन तिकिटात येणाऱ्या हॉलमध्येच जाणार, म्हणजे बाकीच्या रेस्टॉरंट्सच्या तुम्ही फक्त पाट्या वाचून येणार. म्हणून रेस्टॉरंट्स मोजू नका, जेवणं मोजा, आणि त्यातलं दुपारचं जेवण कुठे होणारे ते सगळ्यात आधी बघा. जहाजावरचं जेवण चांगलं असतं, भरपूर असतं, पण शेवटी ते दोन-तीन हजार लोकांसाठी एका वेळी रांधलेलं असतं. जी चव नंतर घरी आल्यावरही आठवते ती बहुतेक वेळा बंदरावर उतरून कुठल्यातरी गल्लीत मिळते. माझं तरी असं मत आहे आणि खालचं सगळं त्याच हिशोबाने लिहिलंय.

१. आधी दोघांनी बसून खाण्याचं बोलून घ्या

"आम्ही सगळं खातो" हे बोलायला सोपं असतं. प्रत्यक्षात एकाला मासे लागतात आणि दुसऱ्याला अंडं चालतं पण वास चालत नाही, असली जोडपी आपल्याकडे घरोघरी आहेत. बीफ-पोर्क चालतं का, दारू घेता का, कच्चं सुशी-बिशी खाऊन बघायची तयारी आहे का, हे कागदावर लिहाच, कारण पुढचा सगळा खर्च यावर ठरतो. आणि चहा. बऱ्याच परदेशी जहाजांवर चहा म्हणजे गरम पाणी आणि टी बॅग, दूध वेगळं, आणि केबिनमध्ये स्वतःची किटली न्यायला बहुतेक कंपन्यांची मनाई असते, त्यामुळे सकाळी उकळलेला चहा मिळाला नाही की ज्याचं डोकं धरतं त्याने इन्स्टंट मसाला चहाची पाकिटं बॅगेत टाकावीत. सीलबंद कोरडा खाऊ साधारण चालतो, घरी केलेलं जेवण नाही चालत. कोणाचा संकष्टीचा उपास असेल तर दिवसभर फळं, दही, सुकामेवा बुफेत मिळून जातं, चंद्रोदयाची वेळ मात्र जहाज जिथे असेल तिथली बघायला लागेल!

२. किती रात्री

दोन रात्रींची क्रूझ कागदावर तीन दिवसांची दिसते, पण पहिल्या दिवशी चढेपर्यंत दुपार होते आणि शेवटच्या दिवशी नाश्ता झाला की खाली उतरवतात. हातात नीट असा एकच दिवस. पहिल्यांदा जाताय तर तीन किंवा चार रात्री बरोबर. युरोपला जायचं असेल तर सात, कारण एवढं विमानाचं तिकीट काढून तीन रात्रींसाठी कोण जातं.

३. मार्ग निवडा, म्हणजे खरं तर बंदरं निवडा

आपल्याकडून जाणाऱ्यांचे साधारण तीन रस्ते असतात.

पहिला मुंबईहून. कॉर्डेलिया या भारतीय क्रूझ कंपनीची एम्प्रेस २०२१ पासून इथून चालते, जहाज १९९० सालचं आहे, पूर्वी रॉयल कॅरिबियन या अमेरिकन कंपनीकडे होतं. गोवा किंवा लक्षद्वीपला जाताना व्हिसा नाही, पासपोर्टचीही गरज नाही, सरकारी ओळखपत्र पुरतं. जेवण भारतीय वळणाचं, जैन जेवणही मिळतं. आईवडिलांना घेऊन जायला किंवा आपल्याला बोट लागते का हे बघायला एकदम छान. पण खाण्यासाठी म्हणून जाणाऱ्याला यात नवीन काय? गोव्यात जहाज मुरगावला लागतं, म्हणजे वास्कोच्या बाजूला, तिथून पणजी साधारण तीस किलोमीटर, त्यामुळे टॅक्सीत वेळ घालवण्यापेक्षा वास्कोतच एखाद्या साध्या खानावळीत फिश थाळी खाऊन यावी हे उत्तम. लक्षद्वीपला मोठं जहाज बाहेर उभं राहतं आणि छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात, समुद्र खवळला तर तेही रद्द होतं. पावसाळ्यात अरबी समुद्रात मुंबईहून हे प्रकार चालत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

दुसरा सिंगापूरहून, आणि पहिल्या क्रूझसाठी मी खवय्यांना हाच सांगतो. कारण मलेशियातलं पेनांग बेट. तिथे जहाज स्वेटनहॅम पियरला लागतं आणि तो धक्का थेट तिथल्या मुख्य शहरात, जॉर्जटाउनमध्येच आहे, गेटबाहेर पडून दहा-पंधरा मिनिटं चाललं की लिटल इंडिया. टॅक्सी नको, टूर नको. नासी कंदार खायचा म्हणजे ताटात भात, त्यावर तुम्ही बोट दाखवाल ते मटण-मासे-भेंडी, आणि मग तो माणूस तीन-चार वेगवेगळ्या रश्श्यांचे डाव एकावर एक ओततो, सगळं एकत्र, भात पूर्ण बुडेपर्यंत. ही तिथल्या तमिळ मुसलमानांची देणगी, त्यामुळे मसाल्याचा वास ओळखीचा आणि तरी चव वेगळीच. चार क्वे त्याओ, म्हणजे तांदळाच्या चपट्या शेवया मोठ्या आचेवर कढईत परतलेल्या, धुराचा वास लागलेल्या, कोळंबी घातलेल्या. यात डुकराची चरबी वापरतात बऱ्याच ठिकाणी, चालत नसेल तर आधी विचारा. आणि वरून चेंडोल: नारळाचं दूध, ताडाचा गूळ, बर्फ आणि हिरव्या शेवया, कोकणातल्या माणसाला तर दुसरा वाडगा मागवावासा वाटणारच. त्याच भागातलं दुसरं बंदर पोर्ट क्लांग, ते क्वालालंपूरचं म्हणून विकतात पण शहर तिथून साधारण तासभर लांब आहे. दोन मार्ग सारख्या किमतीत मिळत असतील तर पेनांगवाला घ्या, डोळे झाकून.

सिंगापूरला एक दिवस आधी पोचायचंच. विमान उशिरा आलं तर जहाज थांबत नाही हे एक कारण, आणि मॅक्सवेल किंवा टेक्का सेंटरसारखी हॉकर सेंटर्स, म्हणजे एका छपराखाली छोट्या स्टॉल्सची खाऊगल्ली, हे दुसरं. सिंगापूरच्या हॉकर संस्कृतीला २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळालीये, आणि तिथे दोघांत चार-पाच पदार्थ वाटून खायला जे पैसे लागतात ते जहाजावरच्या जादा पैशांच्या एका स्पेशालिटी डिनरपेक्षा बरेच कमी.

तिसरा भूमध्य समुद्र. इथे तर बंदर निवडणं म्हणजेच सगळं. "रोम" लिहिलेलं असतं तेव्हा जहाज चिवितावेक्कियाला लागतं, तिथून रोम ट्रेनने तासाभराच्या आसपास. "फ्लॉरेन्स" लिहिलं की बहुतेक लिव्होर्नो, तेही लांब. अशा दिवशी जेवण राहतं बाजूला, माणूस नुसता घड्याळ बघत पळतो. त्याउलट नेपल्स, पालेर्मो, जेनोवा इथे धक्क्यावरून चालत जुन्या शहरात शिरता येतं. नेपल्सला १८७० पासूनचं दा मिकेले हे पिझ्झाचं दुकान आहे, मार्गरिटा आणि मरिनारा या दोन पिझ्झांसाठी प्रसिद्ध, रांग लांब असते. पालेर्मोच्या बाजारात पानेल्ले मिळतात, हरभऱ्याच्या पिठाच्या पातळ वड्या तळून पावात घालून, वर लिंबू पिळून. शाकाहारी माणसाने सिसिलीत यावर अख्खी दुपार काढावी. जेनोवाला त्याच पिठाची भट्टीत भाजलेली फारिनाता.

एक गोष्ट मात्र बघा: इटलीत दुपारच्या जेवणाची रेस्टॉरंट्स अडीच-तीनला बंद होतात आणि रात्रीची साडेसातच्या पुढेच उघडतात, आणि जहाज बरेचदा पाच-सहाला निघतं. म्हणजे तुमच्या हातात फक्त लंच. वेळापत्रकात जहाज दुपारी एकला पोचतंय असं दिसलं तर चढण्या-उतरण्यात ते लंचही गेलं म्हणून समजा. वार पण बघा, बार्सिलोनाचं बोकेरिया मार्केट रविवारी बंद असतं.

४. तिकिटात काय येतं ते नीट वाचा

साधारण असं असतं: मेन डायनिंग रूम आणि बुफे तिकिटात, साधा चहा-कॉफी-पाणीही. स्पेशालिटी रेस्टॉरंट, मशीनची चांगली कॉफी, कोल्ड्रिंक, दारू वेगळी. बुकिंग करताना एजंट "सगळं इन्क्लुडेड" म्हणतो तेव्हा त्याला याच चार गोष्टी एकेक करून विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

ड्रिंक्स पॅकेजचा हिशोब वेगळाच. रॉयल कॅरिबियनसारख्या कंपन्यांचा नियम असा की एका केबिनमधल्या एका मोठ्या माणसाने दारूचं पॅकेज घेतलं की दुसऱ्यालाही घ्यावं लागतं, म्हणजे नवरा दोन बिअर पिणार आणि बायको लिंबूपाणी, तरी पैसे दोघांचे! रोज पाच-सहा ड्रिंक्स होणार नसतील तर सुटं घेतलेलं स्वस्त पडतं. शिवाय टिप्स: मोठ्या अमेरिकन कंपन्या माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर बिलात आपोआप लावतात.

स्पेशालिटीचं काय करायचं? चार रात्रींत एक, फार तर दोन. आणि तेही असं निवडा की जे बंदरावर मिळणार नाही, म्हणजे इटलीच्या क्रूझवर इटालियन रेस्टॉरंटला जादा पैसे द्यायची काय गरज आहे सांगा. मेन डायनिंगला कमी लेखू नका हं, तिथे वेटर टेबलावर आणून देतो आणि एकाऐवजी दोन स्टार्टर मागितले तरी कोणी काही म्हणत नाही, जादा पैसेही पडत नाहीत, न आवडलं तर बदलून देतात. फक्त एखाद-दोन खास डिशवर वेगळा चार्ज असतो, तो मेन्यूत लिहिलेला असतो.

ज्यांना जहाजावरच खायचंय आणि बजेट मोठं आहे त्यांच्यासाठी दोन कंपन्यांची नावं. ओशियानियावर स्पेशालिटी रेस्टॉरंट्स तिकिटातच येतात. व्हर्जिन व्हॉयेजेसवर १८ वर्षांखालचं कोणी नाही, नेहमीसारखा बुफे नाही, सगळी रेस्टॉरंट्स तिकिटात. दोन्ही सहसा आपल्या दारातून निघत नाहीत, त्यामुळे पहिल्याच वेळी कशाला.

५. शाकाहारी असाल तर

बुकिंग करतानाच व्हेज, जैन, नट ॲलर्जी जे काय असेल ते नोंदवा, महिनाभर आधी मेल टाकून पुन्हा खात्री करा. सिंगापूरहून निघणाऱ्या जेंटिंग ड्रीम या जहाजावर भारतीय शाकाहारी जेवण मिळतं, कारण तिथे आपली गर्दी मोठी. पाश्चात्य जहाजांवर एक युक्ती चालते: पहिल्या रात्रीच हेड वेटरला गाठायचं आणि भारतीय शाकाहारी हवंय म्हणून सांगायचं. बऱ्याच जहाजांच्या किचनमध्ये भारतीय शेफ असतातच, दुसऱ्या दिवशीपासून मेन्यूत नसलेली डाळ-भाजी टेबलावर येते.

६. केबिन

बोट लागण्याची भीती असेल तर जहाजाच्या मधोमध आणि खालच्या डेकवर घ्या, पुढच्या टोकाला आणि वर हलणं जास्त जाणवतं. मोठं जहाज कमी हलतं: एम्प्रेस जवळपास ४८ हजार ग्रॉस टनाची (हे जहाजाचा आकार मोजायचं माप), जेंटिंग ड्रीम दीड लाखाची. गोळी कोणती ते डॉक्टरांना विचारून, आणि ती त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते. डेक प्लॅनमध्ये वर-खाली किचन किंवा बुफे येत नाही ना बघा, पहाटे खुर्च्या सरकवतात. बाल्कनीचे पैसे वाचवून ते बंदरावर खर्च करा असं मी म्हणेन, बायको सहसा वेगळं म्हणते.

७. पैसे आणि कागदपत्रं

दाखवलेली किंमत माणशी असते आणि केबिनमध्ये दोघं धरून. त्यात पोर्ट चार्जेस, टिप्स, विमान, आदल्या रात्रीचं हॉटेल, व्हिसा, इन्शुरन्स मिळवा, मग तुलना करा. सिंगापूरहून निघून परत तिथेच येता, म्हणजे दोनदा प्रवेश, तेव्हा मल्टिपल एंट्री व्हिसा बघून घ्या. मलेशिया-थायलंडचे नियम बदलत असतात, निघायच्या आधी पुन्हा तपासा. इटली-फ्रान्स-स्पेन सगळं शेंगेन, म्हणजे सगळ्यांना मिळून एकच व्हिसा, त्याची अपॉइंटमेंट उन्हाळ्यात मिळत नाही, चार-पाच महिने आधी लागा.

८. बुकिंग झाल्यावर

कंपनीचं ॲप घ्या, रेस्टॉरंटचं टेबल आणि डिनरची वेळ आधीच लावा, ठरलेली वेळ आणि आपल्या सोयीची वेळ असे दोन प्रकार असतात, साडेपाच-सहाची पहिली पाळी आपल्या लोकांना जमत नाही. चढल्या चढल्या सगळे बुफेवर तुटून पडतात, बॅगा केबिनला यायला वेळ लागतो, तेव्हा गोळ्या, चार्जर, स्वेटर हातातल्या बॅगेत. बुफेत शिरताना हात साबणाने धुवाच, जहाजावर पोट बिघडलं की पसरतं. मोबाईल एअरप्लेन मोडवर, नाहीतर समुद्रातलं रोमिंग बिल भलतंच येतं. सिंगापूरच्या मार्गावर थायलंडचं फुकेत असेल तर तिथलं घड्याळ सिंगापूरपेक्षा एक तास मागे आहे, त्यामुळे परतायची वेळ जहाजाच्या घड्याळाप्रमाणे बघा.

शेवटच्या रात्री झोपायच्या आधी बिल उघडून ओळ न् ओळ वाचा. न घेतलेली कॉफी नाहीतर दोनदा लागलेलं डिनर दिसलं तर तेव्हाच गेस्ट सर्व्हिसला जा, सकाळी तिथे ही मोठी रांग असते आणि तुम्हाला उतरायची घाई.