उसाच्या फडावरच्या पोरांसाठी रोज एक तास खेळ कसा चालवायचा

दिवाळी झाली की आमच्या निपाणी-चिकोडी-अथणी भागात ऊसतोडीच्या टोळ्या यायला लागतात, कोण बीडकडचे, कोण विजयपुराकडचे, आणि फडाजवळ कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, उभ्या राहतात. आईबाप पहाटेच कोयता घेऊन जातात आणि तीन वर्षांचं पोर आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. तीन हंगाम या पोरांबरोबर खेळतेय, त्यावरनं सांगते.

पहिल्यांदा मुकादमाला आणि कोपीतल्या बायकांना भेटा, वेळ त्यांनाच विचारून ठरवा. जागा कोप्यांजवळच पण गाडीवाटेपासून लांब, कारण ट्रॅक्टर मागं घेताना ड्रायव्हरला बारकी पोरं दिसत नाहीत. रोज तीच चटई, तीच वेळ, सुरुवातीला तेच बडबडगाणं. पोरांचं गाव सुटलेलं असतंय, एवढं तरी ओळखीचं राहू दे.

पोरांना आपल्याकडं बोलवत बसू नका, आपणच जायचं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी 1945 साली डहाणूजवळच्या बोर्डीला बालवाडी काढली, नंतर पाड्यावरची पोरं येत नाहीत म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, अंगणवाडी ती हीच.

खेळणी विकत आणायची गरज नाही. उसाची कांडकी, करवंट्या, चिंचोके, बाटल्यांची टोपणं, माती, पाणी बास झालं. एक चार वर्षांची पोरगी आठ दिवस तोंडातनं शब्द काढत नव्हती, नुसती कांडकी लहान-मोठी लावत बसायची, मग एक दिवस पाचटानं पाच-पाच कांडक्यांच्या मोळ्या बांधल्या, एक डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "भर गाडी!" मी एवढंच विचारलं, किती मोळ्या झाल्या गं, अजून किती लागतील? तिनं बोटं मोजायला घेतली. पाटी-पेन्सिल काढायची घाई करू नका, मोजणं असंच येतंय.

तीन वर्षांच्या आतलं पोर असलं की चिंचोके-टोपणं बाजूला ठेवा, तोंडात घालतात, घशात अडकतंय. गुंजा तर आणूच नका, विषारी असतात.

भाषेचं टेन्शन घेऊ नका, कोण लमाणी बोलतंय, कोण कन्नड, तुम्ही पाणी म्हणा, ते नीरू म्हणू देत, दोन्ही चालतंय.

2019 च्या ऑगस्टमधल्या पुरात काळजी केंद्रात, म्हणजे पूरग्रस्तांच्या सरकारी छावणीत, राहिलेली पोरंही मी बघितलीत. काड्यापेटीचं घर करायची आणि वर तांब्यानं पाणी ओतायची, परत परत. मोठी माणसं ओरडायची, असलं अभद्र खेळू नका म्हणून. पण थांबवू नका हो, मनात बसलेली भीती पोर असंच बाहेर काढतंय, नुसतं शेजारी बसा. बरेच दिवस झोप नसेल, दचकून उठत असेल तर मात्र आशाताईंना सांगून डॉक्टरला दाखवा.

कडेवर पोर घेऊन येणाऱ्या बहिणीला मदतनीस करून टाकू नका, तीपण पोरगीच आहे, तिलाही खेळू द्या. आणि जवळच्या शाळेत हेडसरांना भेटा, 6 ते 14 वयाच्या पोरांना टीसी नाही म्हणून परत पाठवता येत नाही, कायदाच आहे. बारक्यांसाठी अंगणवाडी टीचरना गाठा, 6 महिने ते 6 वर्षांपर्यंत आहार मिळतो, 3 वर्षांपासून बसवूनही घेतात.

पट्टा पडायच्या, म्हणजे हंगाम संपायच्या आधी प्रत्येक पोराला एक कापडी पिशवी द्या, आत करवंटी, थोडे खडे, त्यानं काढलेलं चित्र. आणि त्याच्या आईला बसवून दोन-तीन खेळ शिकवा, पुढच्या मुक्कामी खेळवणारी तीच असणार.