नवे स्वयंपाकघर बसवताना कामांचा क्रम कसा लावावा

ठाणे किंवा नवी मुंबईतील अनेक फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर इतके आटोपशीर असते की तेथे गवंडी आणि इलेक्ट्रिशियन एकाच वेळी नीट उभेही राहू शकत नाहीत. त्यामुळे कोण कोणाच्या आधी येणार, हे काम सुरू होण्यापूर्वीच कागदावर ठरलेले असावे लागते. हा क्रम तोडफोडीपासून पुढे न लावता शेवटापासून मागे लावावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जी वस्तू सर्वांत शेवटी बसणार, ती सर्वांत आधी निवडलेली असली पाहिजे, कारण भिंतीतली पाइपलाइन, विजेचे पॉइंट, ओट्याची उंची आणि ग्रॅनाइटमधले कटिंग हे सारे तिच्या मापावर अवलंबून असते.

डिशवॉशरचेच उदाहरण घेऊ. पूर्ण आकाराचा डिशवॉशर सुमारे 60 सेंटिमीटर रुंद आणि 85 सेंटिमीटरच्या आसपास उंच असतो, तर आपल्याकडे ओटा बहुधा 32 इंचांचा, म्हणजे जेमतेम 81 सेंटिमीटरचा बांधला जातो. यंत्र ‘नंतर बघू’ म्हणून ठेवले, तर ते ओट्याखाली कधीच जाणार नाही. चिमणी, हॉब (ओट्यात बसवायची गॅसशेगडी), सिंक, वॉटर प्युरिफायर, ओव्हन आणि फ्रिज यांचे मॉडेल ठरवून, त्यांच्यासोबत मिळणारे मापांचे कागद एका फाइलमध्ये ठेवावेत. वस्तू लगेच विकत घेऊन घरात अडगळ करण्याची गरज नाही; सिंक आणि हॉब मात्र ग्रॅनाइट कापायच्या आधी प्रत्यक्ष हाती असावेत, कारण कटिंग छापील मापावर करण्यापेक्षा वस्तू समोर ठेवून केलेले बरे.

यानंतर परवानग्या. सोसायटीला लेखी अर्ज, अनामत रक्कम, कारागिरांची गेटवर नोंद, लिफ्टचा वापर आणि ठोकाठोकीच्या वेळा हे आधी मिटवावे. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत ब्रेकर चालवून शेजाऱ्यांचा रोष ओढवून घेऊ नये. राबीट, म्हणजे तोडफोडीचा मलबा, कोण उचलणार आणि कोठे नेणार, हेही कंत्राटदाराशी ठरवून घ्यावे, कारण खाडीकिनारी किंवा कांदळवनात ते टाकणे गुन्हा आहे. वाशी-नेरूळमधील सिडकोच्या किंवा नौपाड्यातील जुन्या इमारतींमध्ये आणखी एक गोष्ट पाहावी लागते: आपल्या मोरीच्या नहाणी ट्रॅपचा (सांडपाणी वाहून नेणाऱ्या जाळीखालच्या भांड्याचा) पाइप कधी कधी खालच्या घराच्या छताखालून गेलेला असतो. तो बदलायचा असेल, तर खालच्या बिऱ्हाडाशी आधी बोलून त्यांच्या सोयीचा दिवस ठरवावा. भिंत हलवायची असल्यास स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला आणि महापालिकेची परवानगी घ्यावी, आणि बीम व कॉलमला हात लावू नये.

घरात पाइपचा गॅस असेल, तर महानगर गॅसकडे अर्जही याच टप्प्यावर करावा, कारण त्यांची तारीख आपल्या हातात नसते. तोडफोडीपूर्वी जोडणी तात्पुरती बंद करून घ्यावी लागते आणि टाइल्स लागल्यावर नव्या जागी पाइप बसतो. पाइप भिंतीतून आत येण्याचे भोक मात्र टाइल्सच्या आधीच पाडून घ्यावे. ही जोडणी अधिकृत माणसाकडूनच करून घ्यावी, आणि पाइप भिंतीत गाडून टाकू नये. हॉब घेताना तो पाइपच्या गॅससाठी जुळवून मिळेल का, हे विचारावे, कारण सिलिंडरच्या आणि पाइपच्या गॅसचे जेट (बर्नरला गॅस सोडणारी बारीक तोंडे) वेगळे असतात.

तोडफोड सुरू होण्याआधी इंडक्शन शेगडी हॉलमध्ये मांडून तात्पुरती चूल थाटावी. मग जुना ओटा आणि टाइल्स निघाल्या की प्लंबर व इलेक्ट्रिशियन भिंतीवर खडूने खुणा करतात. त्या वेळी घरात रोज स्वयंपाक करणारी व्यक्ती तेथे उभी असलीच पाहिजे, कारण मिक्सर कोठे चालतो आणि पोळ्या कोणत्या बाजूला लाटल्या जातात, हे नकाशा काढणाऱ्याला माहीत नसते. मिक्सरचा प्लग ओट्यापासून आठ-दहा इंच वर, हॉबच्या इग्निशनसाठी ओट्याखाली एक छोटा पॉइंट, आणि ओव्हन व डिशवॉशरसाठी स्वतंत्र 16 अँपिअरचे पॉइंट ठेवावेत. फ्रिजचा प्लग फ्रिजच्या पाठीमागे अडकवू नये. चिमणीच्या सहा इंची डक्टचे भोकही आताच कोअर कटिंग मशीनने पाडून घ्यावे.

पाइप बसल्यावर ते झाकण्याची घाई करू नये. हातपंपाने दाब देऊन लाइन रात्रभर तशीच ठेवावी आणि सकाळी दाब उतरला आहे का, ते पाहावे. नंतर भिंतीला मोजपट्टी लावून प्रत्येक भिंतीचे फोटो काढावेत. पुढे कपाटासाठी ड्रिल मारताना सुताराला तेच उपयोगी पडतात. पाइप आणि वायरसाठी भिंतीत पाडलेल्या झिऱ्या (खाचा) बुजवताना जाळी लावावी, मोरी व सिंकच्या भागात वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्यावेत आणि किमान 24 तास पाणी साठवून खालच्या घराचे छत तपासावे. खिडकीची ग्रॅनाइट चौकट आणि फरशी याच ओल्या कामांत उरकते. फरशीवर लगेच प्लास्टिक पसरून त्यावर पीओपीचा (प्लास्टर ऑफ पॅरिसचा) थर द्यावा, नाहीतर पुढच्या कारागिरांची अवजारे पडून टवके उडतात.

येथून पुढचा क्रम तुम्ही कोणता ओटा निवडला यावर ठरतो, आणि बहुतेक गोंधळ येथेच होतो. कडप्प्याचा ओटा असेल, तर आधी कडप्प्याच्या उभ्या लाद्या, त्यांवर ग्रॅनाइट, मग ग्रॅनाइटवर टेकणाऱ्या डॅडोच्या (ओट्यामागच्या भिंतीच्या) टाइल्स आणि सर्वांत शेवटी ट्रॉल्या, असा क्रम लागतो. ग्रॅनाइटची कड टाइलखाली जात असल्याने सांध्यातून पाणी मागे उतरत नाही. मॉड्युलर पद्धतीत, म्हणजे कारखान्यात तयार झालेल्या कपाटांवर ओटा टेकतो तेव्हा, हा क्रम उलटतो: आधी भिंतीच्या टाइल्स, मग खालची कपाटे लेव्हलमध्ये बसवणे, आणि त्यांवर ग्रॅनाइट. तेथे ग्रॅनाइट व टाइल यांच्यामधला सांधा सिलिकॉनने भरावाच लागतो. आपल्या दमट हवेत आणि मसाल्याचे डबे, पाण्याची भांडी पेलण्यासाठी मला कडप्पा अधिक विश्वासाचा वाटतो. मात्र त्याच्या लाद्यांची जाडी ट्रॉल्यांची रुंदी खाते, हे मान्य करावे लागेल.

दोन्ही पद्धतींत एक नियम सारखा आहे. ट्रॉल्यांचे आणि कपाटांचे अंतिम माप टाइल्स पूर्ण बसल्यावरच घ्यावे. नकाशावरून दिलेल्या ऑर्डरमध्ये प्लास्टर आणि टाइलची जाडी धरलेली नसते, आणि अर्ध्या इंचाचा फरक पडला तरी ट्रॉली घासते. कारखान्यातून माल येण्यास काही आठवडे लागतात. त्या काळात भिंती वाळू द्याव्यात, छताचा रंग आणि भिंतीचा पहिला हात उरकावा. पावसाळ्यात ही वाळण्याची मुदत वाढवावी लागते, ओल्या भिंतीला प्लाय टेकवू नये. सिंकखालच्या कपाटासाठी तरी आयएस 710 प्रतीचा मरीन (पाण्याला टिकणारा) प्लाय मागावा. दिवाळी आणि होळीच्या आगेमागे बरेच सुतार गावी जातात, तेव्हा बसवण्याची तारीख त्या आठवड्यांत पडणार नाही, हे ऑर्डर देतानाच पाहावे.

कपाटे बसल्यावर हॉब आणि चिमणी लागते. दोहोंतील अंतर साधारण 65 ते 75 सेंटिमीटर असते, तरी कंपनीच्या पुस्तिकेतील आकडाच पाळावा. मग नळ, सिंकचा वेस्ट पाइप, प्युरिफायर आणि गॅसची जोडणी होते, आणि रंगाचा शेवटचा हात त्यानंतर. कंत्राटदाराच्या बिलाचा शेवटचा हप्ता मात्र थोडे दिवस राखून ठेवावा. सिंक काठोकाठ भरून एकदम सोडावे, खालच्या सांध्यांभोवती कोरडा कागद फिरवून पाहावा, सर्व ट्रॉल्या भांड्यांनी भरून ओढून पाहाव्यात, आणि ओव्हन व मिक्सर एकाच वेळी चालवून एमसीबी (भार वाढल्यास वीज तोडणारा स्विच) पडतो का, हे तपासल्यावरच हा हप्ता द्यावा.