स्विच जळला की नवा बसवून गाडी सोडू नका

नागपूरजवळच्या वाडीच्या ट्रान्सपोर्ट पट्ट्यात ट्रकच्या वायरिंगचं काम करून राहिलो तेव्हापासून, आयटीआय करून येणाऱ्या पोरांना मी पहिले हेच सांगतो, की जळालेला स्विच बदलायच्या आधी तो कोणता लोड, म्हणजे दिवा-हॉर्नसारखी कोणती वस्तू, चालू-बंद करून राहिला ते पाहा.

घरच्या लाइटच्या एसी सप्लायत करंट सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी लवकर विझते. गाडीत बॅटरीचा डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारा करंट, तिथं शून्य येतच नाही, स्विचमधले एकमेकांना टेकणारे पॉइंट पुरेसे लांब जाईपर्यंत आर्क, म्हणजे ती ठिणगी, चालू राहतो आणि चांदीच्या पॉइंटला तर 12 व्होल्टच्या आसपास अन् अर्धा अँपियरही पुरतो, म्हणूनच 24 व्होल्टच्या ट्रकमध्ये हा त्रास जास्त. धातू वितळून एकाच दिशेनं सरकत जातो, एका पॉइंटवर खड्डा पडतो, समोरच्यावर टोक येतं. म्हणून 250 व्होल्ट एसी छापलेला घरगुती स्विच गाडीत लावूच नका, डीसीचं रेटिंग त्याहून फार कमी असते.

लोड ओळखायला शिका, खरं काम तिथंच आहे. हॅलोजनचा फिलामेंट थंड असताना चालू केल्याबरोबर कितीतरी पट करंट ओढतो, तेव्हा पॉइंट चिकटतात. हॉर्न, ब्लोअर, रिलेची (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचची) कॉइल यांचं उलटं, ते बंद करताना झटका देतात, साध्या रिलेच्या कॉइलचा झटकाही शेकडो व्होल्टवर जाऊ शकतो.

मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, लोड चालू करा आणि दोन्ही प्रोब स्विचच्या दोन टर्मिनलला लावा. चांगल्या स्विचवर अगदी थोडे व्होल्ट दिसतात. 10 अँपियरच्या लोडला 1 व्होल्ट दिसला तर त्या छोट्याशा स्विचमध्ये 10 वॅट उष्णता होऊन राहिली, आणि मे महिन्यात आपल्या नागपुरात बाहेरच 45 डिग्री, मग प्लॅस्टिक मऊ होणारच नं भाऊ! पॉलिश पेपरनं घासून देणारे पुष्कळ आहेत, मला ते पटत नाही, वरचा चांदीचा थर जातो आणि गाडी परत येते.

मी तिथं रिले टाकतो. रिलेच्या 85-86 नंबरच्या पिनांवर कॉइल, 30-87 वर लोड, म्हणजे स्विचवर फक्त कॉइलचा करंट राहतो, 12 व्होल्टच्या रिलेला तो साधारण 150 ते 200 मिलीअँपियर असतो. कॉइलचा झटका जिरवायला डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा छोटा पार्ट) लावताना त्याच्यावरची पट्टी प्लसकडे ठेवा, उलटा लावला तर स्विच दाबताच शॉर्ट होऊन फ्यूज उडतो.