व्हीलचेअर घेऊन क्रूझला जायचंय? आधी टेप काढा
घरात कोणी व्हीलचेअरवर असेल आणि मुंबईहून क्रूझचा बेत चालू असेल तर पैसे भरायच्या आधी खुर्चीची रुंदी मोजा, चाकाला बाहेरून असलेल्या, हाताने ढकलायच्या रिंगसकट. साध्या केबिनचं दार बऱ्याचदा तेवढं रुंद नसतंच, आणि बाथरूमला उंबरठा असतो तो वेगळाच. ॲक्सेसिबल, म्हणजे व्हीलचेअरसाठी बनवलेल्या केबिन मोजक्याच असतात, पटकन जातात, म्हणून एजंटच्या "होऊन जाईल हो" वर अजिबात जाऊ नका, केबिन नंबर आणि रोल-इन शॉवर (खुर्चीसकट आत जाता येतं असा) आहे का ते ईमेलवर लेखी घ्या.

आणि खरी गोम पुढे आहे. जहाज धक्क्याला लागणार की समुद्रातच नांगर टाकणार ते विचारा. गोव्यात मुरगावला धक्का आहे, पण लक्षद्वीपला छोट्या बोटीतून किनाऱ्यावर जावं लागतं, ती लाटांवर वरखाली होत असते, तिथे खुर्ची घेतीलच असं नाही. मग बाकीचे बेटावर आणि आपलं माणूस डेकवर, कसली मजा!

इलेक्ट्रिक खुर्ची असेल तर बॅटरीचा प्रकार आधीच कळवा. आणि मुंबईत क्रूझ सुटते त्या बॅलार्ड पिअरच्या धक्क्याला टॅक्सीने जाताना वर कॅरियर असलेली बघा, सीएनजीच्या सिलेंडरमुळे डिकीत खुर्ची बऱ्याचदा मावत नाही.